बोनस, बढती आणि बदली

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : रेल्वे कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा बोनस. २०२५ च्या सप्टेंबरातही ती आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १० लाख ९१ हजार कर्मचाऱ्यांसाठी १,८६५ कोटी ६८ लाख रुपये मंजूर केले. ७८ दिवस म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटते, अडीच महिन्यांचा पगार हातात पडला. पण या हिशेबात महिन्याचा पगार सात हजार रुपयेच धरतात, खरा पगार कितीही असो. सात हजार गुणिले बारा, त्याला ३६५ ने भागा, ७८ ने गुणा. उत्तर येते १७,९५१ रुपये. सातव्या वेतन आयोगाने केंद्रातल्या सर्वांत खालच्या पदाचे मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले. म्हणजे अडीच महिन्यांचा म्हणून गाजणारा हा बोनस एका महिन्याच्या किमान वेतनाइतकाही भरत नाही.

रक्कम लहान आहे म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. ट्रॅकमनच्या घरी त्या पैशांत दिवाळीचा बाजार होतो, मुलांचे कपडे येतात, उधारी फिटते. प्रश्न वेगळा आहे. या रकमेचे अधिकृत नाव ‘उत्पादकतेशी निगडित बोनस’ असे आहे. १९७९-८० पासून तो सुरू झाला आणि सरकारी खात्यांमध्ये अशी योजना आणणारी रेल्वे पहिली ठरली. तरीही दशकाहून अधिक काळ उत्तर ७८ दिवसच येत राहिले आहे. कोविडमुळे प्रवासी गाड्या महिनोन्महिने उभ्या होत्या, त्या २०२०-२१ या वर्षासाठीही ७८ दिवसच मिळाले. भर पावसात रूळ तपासत मैलोन्मैल चालणारा ट्रॅकमन आणि त्याच विभागात हजेरी लावून गायब होणारा त्याचा सहकारी, दोघांच्या खात्यात १७,९५१ रुपयेच जमा होतात. केंद्राच्या इतर बऱ्याच खात्यांत तीस दिवसांचा तदर्थ बोनस मिळतो. त्याचेही गणित सात हजारांवरच बेतलेले असते आणि उत्तर ६,९०८ रुपये.

मुंबई महापालिकेत याच दिवसांत सानुग्रह अनुदानाच्या वाटाघाटी चालतात. कामगार संघटना आकडा मागतात, प्रशासन दुसरा सांगते, शेवटी मुख्यमंत्री मध्यस्थी करतात. २०२३ साली २६,००० रुपये ठरले, २०२४ साली २९,०००, २०२५ साली ३१,०००. कचऱ्याची गाडी वेळेवर आली का, गटारे पावसाआधी साफ झाली का, याचा या आकड्याशी काही संबंध नसतो आणि संघटना किंवा प्रशासन कोणी तसा दावाही करत नाही. सणाला मालकाने नोकराच्या हातावर काही ठेवावे, ही जुनी रीत इथे पालिकेच्या आकाराला पोचली आहे. ती चालू राहावी. पण चांगल्या कामाचा मोबदला म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही.

मग चांगले काम करणाऱ्या सरकारी माणसाला जास्त पैसे द्यावेत का? हा प्रश्न आपल्या वेतन आयोगांनी वारंवार विचारला आणि प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटले. चौथ्या आणि पाचव्या आयोगाने कामानुसार कमीजास्त वेतनवाढ सुचवली. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायाधीश राहिलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण सहाव्या आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगाने २००८ साली कार्यक्षमतेशी जोडलेल्या प्रोत्साहनाची सविस्तर योजना मांडली. सरसकट अडीच टक्के वेतनवाढ आणि एका वेतनश्रेणीतल्या सर्वोत्तम वीस टक्के अधिकाऱ्यांना साडेतीन टक्के, असेही सुचवले. न्या. अशोककुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने २०१५ साली त्याही पुढे जाऊन सांगितले की, सगळे बोनस गुंडाळून त्यांच्या जागी कामाशी जोडलेले वेतन आणा.

प्रत्यक्षात काय घडले? सर्वांना तीन टक्के वेतनवाढ मिळाली, ती आजही मिळते. ठरलेली तारीख आली की काम बरे केलेले असो वा वाईट, आकडा वर सरकतो. प्रोत्साहन योजना अणुऊर्जा आणि अवकाश या दोन विभागांत लागू झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक मराठी घरांना ती ठाऊक आहे. बाकी खात्यांत ती रुजली नाही. २००९ नंतर मंत्रिमंडळ सचिवालयाने प्रत्येक खात्याकडून वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टांचा लेखी करार घेऊन वर्षाअखेरीस गुण देण्याची पद्धत सुरू केली होती. २०१४ च्या सत्तांतरानंतर तीही थांबली. महाराष्ट्रात अत्युत्कृष्ट कामासाठी आगाऊ वेतनवाढ देण्याची रीत होती. सहाव्या वेतन आयोगाच्या काळात ती बंद पडली आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारी आपल्या वेतनवाढी मागत न्यायालयात गेले.

याचे एक कारण फायलींमध्ये सापडते, आणि ते म्हणजे गोपनीय अहवाल. कार्यालयीन बोलीत ‘सीआर’. साहेब वर्षातून एकदा हाताखालच्या माणसाबद्दल शेरा लिहितो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात सांगितले की, प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो, साधारण असो की चांगली, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. निर्णय न्यायाचा होता. बंद लिफाफ्यातल्या एका ओळीने माणसाची बढती अडणे ही क्रूर पद्धत होती. पण त्यानंतर ‘चांगला’ एवढेच लिहिणाऱ्या साहेबाला त्याचे उत्तर द्यावे लागते, टिपणे जोडावी लागतात, कधी प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, प्रतिज्ञापत्रही करावे लागते. ‘अत्युत्कृष्ट’ लिहिणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. २०१६ पासून केंद्रात दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या आश्वासित प्रगतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक झाला. दहापैकी सहा गुण मिळाले की तो शेरा पडतो. ज्या साहेबाला उद्या त्याच माणसाकडून अर्जंट फाइल करून घ्यायची आहे, तो सहाच्या खाली कशाला जाईल? तेव्हा सरकारी नोकरीतली गुणवत्ता पैशांत मोजायची तर आधी ती मोजणाऱ्याला खरे लिहिण्याचे संरक्षण द्यावे लागते. ते आजवर कोणत्याही आयोगाने पुरेशा गांभीर्याने मागितलेले नाही.

या वादाचे मूळ मात्र वेतन आयोगांच्याही फार मागे, शाळेत आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी नवी अनुदान संहिता आणली. मुलाच्या हजेरीला चार शिलिंग. परीक्षेला बसलेल्या मुलामागे आठ शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात तो नापास होईल त्यामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. परीक्षा घ्यायला सरकारी निरीक्षक शाळेत येई. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः असे निरीक्षक होते आणि त्यांनी या पद्धतीला जाहीर विरोध केला. शाळांनी इतिहास, भूगोल मागे सारले आणि निरीक्षक ज्या पुस्तकातून प्रश्न विचारणार ते पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतले. जवळजवळ तीन दशके हे चालले, मग १८९० च्या दशकात मोडीत निघाले.

तीच निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात आली होती. १८८२ साली हंटर आयोग भारतात शिक्षणाची चौकशी करत होता तेव्हा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबरला आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते नेहमी आठवले जाते. पण शिक्षकांच्या पगाराबद्दल त्यात जे आहे ते या विषयावर भारतीय माणसाने केलेल्या सर्वांत स्वच्छ विचारांपैकी एक आहे. खेड्यातल्या शिक्षकाला महिन्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, असे त्यांनी म्हटले. गावच्या हिशेबतपासनिसाचे, दस्त नोंदणीचे, टपालाचे काम शिक्षकाकडे दिले तर गावात त्याची पत वाढेल, हेही सुचवले. जो शिक्षक बरीच मुले उत्तीर्ण करील त्याला पगाराखेरीज विशेष भत्ता द्यावा, अशी शिफारस त्यांनी केली. आणि त्याच निवेदनात निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजासाठी अजिबात योग्य नाही, हेही ठणकावून सांगितले. अशा लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही. तिथे स्वतःच्या जोखमीवर शाळा काढून कोणता मास्तर पोट भरू शकेल, असा त्यांचा सवाल होता.

वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरोधात जातात असे वाटेल, पण नीट वाचले तर ती एकाच विचाराची दोन अंगे आहेत. आधी जगण्यापुरता, मानाने राहण्यापुरता पक्का पगार द्या. त्यावर चांगल्या कामाचा जादा भत्ता द्या. सगळे पोटच निकालाला टांगाल तर सर्वांत अवघड ठिकाणी, सर्वांत गरीब मुलांपाशी कोणी जाणार नाही. ज्या माणसाने स्वतः शाळा चालवल्या, शिक्षकांचे पगार कुठून आणायचे याची विवंचना भोगली, त्याच्याकडूनच हा बारकावा येऊ शकत होता. पुढच्या दीडशे वर्षांत जे प्रयोग झाले त्यांचे निष्कर्ष फुल्यांच्या या मांडणीपाशी परत परत येतात.

आंध्र प्रदेशाचे उदाहरण पाहा. २००५ पासून तिथल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी राज्य सरकार आणि अझीम प्रेमजी फाउंडेशन यांच्या साथीने मोठा प्रयोग केला. शिक्षकांचा पगार जसाच्या तसा ठेवला. त्यावर मुलांच्या सरासरी गुणांत जेवढी सुधारणा होईल तिच्या प्रत्येक टक्क्यामागे पाचशे रुपये. म्हणजे हुशार मुलांची शाळा मिळालेल्याला आयता फायदा नाही. मूल जिथे होते तिथून किती पुढे आले एवढेच मोजायचे. बोनस सरासरीने वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांत गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत बोनसच्या शाळांतली मुले इतर शाळांच्या पुढे गेली. ज्या विषयांसाठी बोनस नव्हता, त्या विज्ञानात आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे : शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही. जे शाळेत येत होते त्यांनी जादा तास घेतले, गृहपाठ दिला, सराव परीक्षा घेतल्या.

उदयपूरच्या परिचारिकांची हकिगत याच्या उलट आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी ती नोंदवली आहे. ठरल्या दिवशी उपकेंद्रावर हजर राहायचे, यंत्रावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा आणि दांड्या फार झाल्या तर पगार कापायचा, अशी व्यवस्था होती. सुरुवातीला गैरहजेरी निम्म्यावर आली. मग वरच्या कार्यालयाने ‘सूट’ द्यायला सुरुवात केली. आज बैठक आहे, आज शिबिर आहे, आज सर्वेक्षण आहे. सव्वा वर्षाच्या आसपास सगळा परिणाम धुऊन निघाला. नियम मोडायला वरच्या साहेबानेच वाट करून दिली.

पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये अदनान खान, आसिम ख्वाजा आणि बेंजामिन ओल्केन यांनी मालमत्ता कर वसूल करणाऱ्या निरीक्षकांवर असाच प्रयोग केला. जादा वसुलीतला वाटा त्यांना दिला; काहींची कमाई जवळपास दुप्पट होऊ शकत होती. वसुलीच्या वाढीचा वेग इतर ठिकाणांपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त निघाला. पण ही वाढ थोड्या मालमत्तांचे खरे मूल्यांकन झाल्यामुळे आली. ज्यांचे मूल्यांकन बदलले नाही अशा अनेकांकडून लाच मात्र जास्त मागितली गेली, कारण निरीक्षकाच्या हातात आता दाखवायला धाक होता. सरकारी तिजोरी भरली आणि तिच्यासोबत काहींचे खिसेही.

आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा टांगली आणि वर कोणी जाब विचारणारे नसले तर काय होते, याची भारतातली सर्वांत काळी नोंद १९७६ सालची आहे. आणीबाणीत कुटुंबनियोजनाचे लक्ष्य खालपर्यंत वाटले गेले. काही राज्यांत ठरलेल्या केसेस आणल्या नाहीत म्हणून शिक्षकांचे पगार रोखले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. कोणत्या बाईला, कोणत्या म्हाताऱ्याला टेबलावर झोपवले याची पर्वा पगार वाचवू पाहणाऱ्या माणसाला राहिली नाही. १९९६ साली केंद्राने ही लक्ष्यपद्धती सोडून दिली, पण त्या वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा खेड्यांचा विश्वास जो तोडला तो जोडायला एक पिढी गेली.

आज महाराष्ट्रात शासनासाठी कामाच्या नगावर पैसे घेणारे कोण आहेत? सचिव नाहीत, तहसीलदार नाहीत. त्या आहेत आशा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा स्वयंसेविका आली. ती कर्मचारी नाही, असे कागद सांगतो. जननी सुरक्षा योजनेत बसणाऱ्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंतपणासाठी नेले तर सहाशे रुपये : तीनशे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, तीनशे प्रसूतीचे. बाळ घरी आले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन वजन घ्यायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचा. या सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की अडीचशे रुपये. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी गेली तर तोवरची पायपीट या आशेची आणि बाळंतपणाचे पैसे तिचे नाहीत. तापाच्या रुग्णाला धीर देत रात्री बसून राहिली तर त्याचा दरपत्रकात रकाना नाही.

कामानुसार मोबदल्याचे तत्त्व ज्यांच्यावर सर्वांत कडकपणे लागू आहे, त्यांच्याकडे सुट्टी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि तो मोबदलाही अनेकदा महिनोन्महिने थकतो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्यांनी संप केला, आझाद मैदानावर ठिय्या दिला, तेव्हा राज्याने महिन्याला पाच हजारांची वाढ दिली. फुल्यांनी १८८२ साली ज्याला अयोग्य म्हटले होते तेच आपण खेड्यातल्या या बायकांसाठी निवडले, आणि ज्यांचा पगार पक्का आहे त्यांच्यासाठी मात्र गुणवत्तेचा भत्ता गेली चाळीस वर्षे बहुतांशी शिफारशींतच राहिला. हा अन्याय आहे आणि तो वेतनाच्या तांत्रिक चर्चेत हरवू देता कामा नये.

सरकारी माणसाला हलवणारी गोष्ट पैसाच असते असेही नाही. त्याच पंजाबमध्ये खान, ख्वाजा आणि ओल्केन यांनी दुसरा प्रयोग केला. निरीक्षकांना एक रुपयाही जादा दिला नाही. कामाच्या क्रमवारीनुसार पुढची नेमणूक निवडू दिली. पहिल्या आलेल्याने हवे ते ठिकाण घ्यावे, मग दुसऱ्याने. वसुलीच्या वाढीचा वेग ३० ते ४१ टक्क्यांनी वाढला. घराजवळचे ठाणे, मुलांची शाळा, आजारी आईवडील यांची किंमत माणूस बोनसपेक्षा जास्त करतो, हे कुठल्याही सरकारी वसाहतीत राहिलेल्या माणसाला पटेल.

महाराष्ट्राकडे यासाठी लागणारा पाया आहे. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठरवला आणि मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारण व वरिष्ठांची मंजुरी बंधनकारक केली. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या शासन निर्णयापासून ऑनलाइन झाल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेला शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ ठरतो आणि त्याला शाळा निवडण्यात अग्रक्रम मिळतो. पूर्वी ज्या कामासाठी जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात चिठ्ठ्या घेऊन फिरावे लागे, ते संगणकाच्या यादीवर आले. त्यात तक्रारी आहेत, खोटी दाखलेबाजी आहे, दुर्गम शाळा रिकाम्या राहतात. तरीही अवघड जागी राबणाऱ्याला त्याच्या राबण्याचे काही परत मिळावे, हे तत्त्व तिथे नियमात उतरले आहे. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, नगरपालिकांचे कर निरीक्षक यांच्यापर्यंत ते नेता येईल. फेरफार नोंदी किती दिवसांत झाल्या, कर किती वसूल झाला आणि अपिलात किती आकारणी टिकली, अशा मोजता येणाऱ्या कामांपासून सुरुवात करावी. लाच मागितल्याची तक्रार सिद्ध झाली तर क्रमवारीतून नाव बाद व्हावे. शिकवणे, रुग्णाची शुश्रूषा, गुन्ह्याचा तपास यांच्यासाठी मात्र निव्वळ आकड्यांवरची क्रमवारी लावू नये.

२०२५ च्या अखेरीस आठव्या केंद्रीय वेतन आयोगाचे काम सुरू झाले. अध्यक्षपदी न्या. रंजना प्रकाश देसाई आहेत. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी त्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. आयोगाला अठरा महिन्यांची मुदत आहे, आणि सध्याच्या बोनस योजना तपासून चांगल्या कामाला प्रोत्साहन देणारी योजना सुचवणे हेही त्याच्या कार्यकक्षेत आहे. सहाव्या आणि सातव्या आयोगाच्या याविषयीच्या शिफारशी बहुतेक खात्यांत का उतरल्या नाहीत, याची खातेनिहाय चौकशी या आयोगाने प्रथम करावी. शेरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण कसे मिळेल ते सांगावे, आणि देशभर एकदम योजना लादण्याआधी दोन-तीन खात्यांत आंध्रसारखी तुलना करता येईल असा प्रयोग मागावा.

आशांचा प्रश्न या आयोगापुढे येणारच नाही, कारण नोंदीत त्या कर्मचारी नाहीत. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने आणि राज्य शासनाने मिळून त्यांचे मासिक मानधन किमान वेतनाच्या पातळीवर निश्चित केले पाहिजे, आणि बाळंतपणाचे, लसीकरणाचे, घरभेटींचे दर त्यावर जादा म्हणून, त्याच महिन्याच्या बिलात, थेट त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत.